जमलं कसं, ते विचारा की!

आज दुपारी कळंब्याच्या तळ्याकाठी आमच्या फाउंड्रीची रस्सा-पार्टी झाली. मोठी ऑर्डर पहिल्यांदाच वेळेत गेली म्हणून.

जेवून सगळे झाडाखाली आडवे झालो. पाण्यावरून गार वारा येत होता. तंद्रीतच मी विचारलं, "ह्या वेळी जमलं कसं?"

"जमलं की! झोपा आता," सुपरवायझर सर्जेराव म्हणाले. मग आभाळाकडं बघत आपणहूनच पुटपुटले, "ह्या खेपंला मालकांनी गिऱ्हाइकाला तारीख द्यायच्या आधी आमास्नी इचारलंतं."

एवढं सोपं? मिटल्या डोळ्यांपुढं मला पुढच्या साऱ्या ऑर्डरी बगळ्यांच्या रांगेसारख्या वेळेत निघालेल्या दिसल्या.

तेवढ्यात पलीकडून मालकांचा फोनवरचा आवाज आला, "व्हय की! महिन्याअखेरीस माल पोच. शब्द हाय माझा!"

सगळे ताडकन उठून बसलो.

तुमच्याकडं काम जमल्यावर 'कसं जमलं' म्हणून कोण विचारतं, का नुसताच रस्सा?