साहेबांचा निरुपाय

माझी मैत्रीण केतकी खेळते त्या व्हिडिओ गेममध्ये एका टोळीचा म्होरक्या आहे. तिच्याबरोबर ऑनलाइन खेळणारे सगळे त्याला 'साहेब' म्हणतात. काल दुपारी मी तिच्या शेजारी बसून बघत होते. पाणी द्यायला नकार देणारं एक अख्खं गाव साहेबांनी पेटवून दिलं.

"अगं, हा खुनी आहे," मी म्हणाले.

"त्यांचा निरुपाय होता," केतकी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "लहानपणी फार सोसलंय त्यांनी."

"आणि जे जळाले त्यांनी?"

"त्यांची गोष्ट गेममध्ये नाहीये गं."

मला तिथंच टोचलं. ज्याची गोष्ट सांगितली जाते त्याला माफी मिळते, बाकीचे नुसते जळतात. केतकी वाईट नाही. कॉलेजच्या गेटवर माझ्याबरोबर उन्हात अन्यायाविरुद्धची पत्रकं वाटणारी हीच. पण कित्येक महिने ती या माणसामागून चालली आहे, त्याच्यासाठी लढली आहे. आता त्याला गुन्हेगार म्हणायचं तर स्वतःलाही काहीतरी म्हणावं लागेल. त्यापेक्षा त्याचं बालपण आठवणं सोपं. गेमबाहेरचे साहेबही आपल्या याच अडचणीवर जगतात.

तेवढ्यात पडद्यावर दुसरं गाव आलं. वेशीशी माणसं उभी होती. साहेबांचा हुकूम झाला, या वेळी आग केतकीनं लावायची. नकार दिला तर टोळीतून बाहेर.

तिचं बोट बटणावर थांबलं.

"तू जरा खिडकीबाहेर बघ ना," ती हळूच म्हणाली.

मी मान वळवली नाही.