दुसऱ्या नसेसाठी

आमच्या ह्यांच्या हृदयाच्या दोन नसा चोंदल्या होत्या. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात एकीत स्प्रिंग बसवली, तेवढ्यातच घरातलं किडूकमिडूक संपलं. मेडिक्लेमचे पैसे आले तरच दुसरी नस होणार होती. फार थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

विमा कंपनीने कळवलं, भरती असतानाचे सगळे केस पेपर पाठवा. झालं, बदलापूरहून माझे खेटे सुरू. रेकॉर्डवाला दर वेळी म्हणायचा, "मॅडम, साहेबांची सही झाली की भेटेल." याला चहापाणी हवंय, हे मी पक्कं धरलं. मी मुळातच संशयी. भाजीवालीचा काटासुद्धा वाकून बघते.

एकदाची झेरॉक्स हातात पडली. तिथेच उभ्याने पहिलं पान वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. 'नातेवाईक सांगतात, लहानपणापासून दम लागतो, छातीत दुखतं.' म्हणजे विमा घेण्याआधीचा जुना आजार. म्हणजे क्लेम बुडाला. चामटोलीच्या शेतावर भाताची पोती पाठीवर वाहिलेला माणूस, आणि म्हणे लहानपणापासून दम. यांचं कंपनीशी साटंलोटं आहे, याबद्दल मला शंकाच उरली नाही. तशीच तडक डॉक्टरांसमोर गेले.

डॉक्टर म्हणाले, "मी मनचं कशाला लिहू? तुम्ही खाली डिपॉझिट भरत होतात. पेशंटजवळ आजी होत्या, त्यांनी सांगितलं. आता लिहिलेलं खोडता येणार नाही. त्यांना आणा, खरं काय ते त्यांच्या तोंडून ऐकतो, मग तसं सर्टिफिकेट देतो."

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. विचारलं तर मानही वर केली नाही.

"मंग? पोर माझा धडधाकट हाय म्हनून सांगू चार लोकांत? दिष्ट लागल त्याला."

जन्मभर त्यांचं हेच. कुणी मुलाच्या तब्येतीचं कौतुक केलं की म्हणायच्या, "कसला, किरकिराच हाय." आता हॉस्पिटलात येऊन उलटं बोलायला त्या काही केल्या तयार होईनात. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एका संध्याकाळी हे जिन्यात मधेच कठडा धरून थांबले, ते त्यांनी वरून पाहिलं. सकाळी उठून बघते तर सासूबाई धुवट लुगडं नेसून दाराशी बसलेल्या.

डॉक्टरांसमोर त्यांनी आधी पदर नीट ओढून घेतला. मग खाली बघत म्हणाल्या, "माज्या पोराला कदी काय झालाच न्हाई. घोड्यावानी व्हता." आणि लगेच पदराआड दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली.

सर्टिफिकेट मिळालं, क्लेम आला, दुसरी नसही झाली. हे आजही ठणठणीत आहेत. पण सासूबाई होत्या तोवर, ह्यांना साधा ठसका लागला तरी त्या आधी रोखून माझ्याकडे बघायच्या.