काठीवरचं नाणं

उत्तम खरात गेल्याचं मला फोनवरून कळलं. उभ्या नोकरीत आम्ही दोघांनी लोकांचे फोन जोडून दिले, त्यातले निम्मे तरी कुणी गेल्याचे असायचे. त्याचा निरोप आला तेव्हा मात्र मी अंघोळीला गेलो होतो. फोन सुनेनं घेतला. "खरातकाका गेले म्हणे," ती म्हणाली. मी डोकं पुसत उभा राहिलो. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगून टाकतो, कारण महिनाभर तेच सलतंय... मनात आलं, चला, आता माझ्यापेक्षा चांगला नेमबाज कुणी उरला नाही. रडू आलं, पण ते नंतर.

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. घनसावंगीचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक बोर्ड आणि आम्ही दोन ऑपरेटर. गावात कुणी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडायची आणि आम्ही वायर जोडून द्यायची. तिथला एक नियम दगडावरची रेघ होता: बदली माणूस येऊन खुर्चीत बसल्याशिवाय पहिल्यानं उठायचं नाही. अशा नोकरीत आम्हा दोघांनाही रायफलचं वेड लागलं. क्लब जालन्याला, सराव रविवारी. एक गेला की दुसऱ्यानं बोर्ड धरायचा, म्हणून एक रविवार त्याचा, एक माझा. मॅच असली की आठवडाभर आधीपासून पाळ्यांची अदलाबदल चालायची. एकानं सलग सोळा तास बसायचं आणि दुसऱ्यानं परतीच्या बसमधून उतरून तोंडावर पाणी मारून तसंच खुर्चीत शिरायचं. कानात गोळ्यांचे आवाज घुमत असताना तोंडानं "नंबर प्लीज" म्हणायचं.

खरं तर बंदूक आमच्या घरची. तीर्थपुरीला आमच्या ओसरीवर आजोबांची बारा बोर टांगलेली असायची. दहाव्या वर्षी मी ती खांद्याला लावली होती. उत्तमही तीर्थपुरीचाच. त्याची आई आमच्या शेतात खुरपायला यायची. त्यानं रायफल हातात घेतली ती थेट पंचविशीत, आणि क्लबात त्याला नेलं तेही मीच. वाटलं होतं, शेजारी एखादा शिकाऊ असला की आपण जरा उठून दिसू. तीन महिन्यांत तो माझ्या पुढे गेला! आमचे उस्ताद निजामाच्या फौजेत राहिलेले, म्हातारे, तोंडात कायम पान. ते त्याचं टार्गेट सगळ्यांना फिरवून दाखवायचे आणि मला म्हणायचे, "पाटील, तुम बंदूक पकडते. ये साँस पकडता." माझ्या पोटात दुखायचं. त्यात जातीचा काटाही होता. आता या वयात खोटं कशाला बोलू?

रायफल क्लबातच ठेवावी लागे. म्हणून उत्तमनं बाभळीची एक जाड काठी तासून घेतली, टोकाला शिसं बांधून ती रायफलच्या वजनाची केली आणि वरून सपाट केली. बोर्डावर काम नसलं की ती खांद्याला लावायची, टोकावर चार आण्याचं नाणं ठेवायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एखाद्या तारखेवर नेम धरायचा आणि पुटपुटत आकडे मोजायचे. साठपर्यंत नाणं जागचं हलायचं नाही. झडप पडली की नाणं खिशात, काठी भिंतीला. मी ड्युटीवर एकटा असलो की चोरून तीच काठी घ्यायचो. माझं नाणं विसाच्या आत फरशीवर. एकदा ते घरंगळत बोर्डाखाली गेलं, ते काढेपर्यंत दोन झडपा पडून राहिल्या आणि मी फुकट बोलणी खाल्ली.

मग औरंगाबादची निवड आली. जालना जिल्हा तेव्हा झाला नव्हता, सगळं औरंगाबादला. तिथून निवडलेले नेमबाज राज्याच्या मॅचला जाणार होते. पाळीप्रमाणे तो रविवार माझा होता. उत्तम म्हणाला, "एवढी बारी मला दे गड्या. पुढच्या दोन्ही तुझ्या." उस्तादांच्या देखत म्हणाला, म्हणून मीही मोठेपणानं हो म्हणालो. ठरलं असं की रविवारी सकाळी सहाला मी त्याला सोडवायचं आणि साडेसहाची जालन्याची बस त्यानं धरायची. त्यानंतरची बस दहाला. तिनं जाऊन उपयोग नव्हता.

त्या दिवशी मी पाचलाच जागा होतो. कपडेही घातले होते. माझी खोली बसस्टँडला लागून, तर मी चपला घालून खाटेवर पडून राहिलो. सहा वाजले. म्हटलं, पाच मिनिटांनी उठू. सव्वासहाला इंजिन सुरू झालं. मग कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, तिचा आवाज लांब जाऊन मिटला... तोवर मी छताकडे बघत होतो. मग उठलो आणि सावकाश चालत एक्स्चेंजला गेलो. उत्तम कानाला हेडफोन लावून बसला होता. पायाशी पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"काय झालं रं?"

"ताप आला," मी म्हणालो. "उठताच येईना."

त्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला. खुर्ची सोडली नाही, नुसता हात लांबवून माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. "हां, कणकण हाय," तो म्हणाला. "जाय घरी, पडून राह्य बिलकुल. मी बसतो."

माझीही ड्युटी त्यानंच केली. रजिस्टरात त्याच्या अक्षरात लिहिलं, 'बदली ऑपरेटर आजारी'. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

पुढच्याच वर्षी त्याची बदली झाली. नव्या गावी रायफल क्लब नव्हता आणि उत्तम पुन्हा कुठल्या मॅचला उतरला नाही. मला नंतर दोन ढाली मिळाल्या, त्या कपाटात आहेत. दोन्ही वेळा त्याचं पोस्टकार्ड आलं: शाब्बास. ते शाब्बास मला शिवीसारखं लागायचं. मी स्वतःची समजूत घालत आलो की उत्तम भोळा, त्याला ताप खरा वाटला. त्याला भोळा म्हणण्यात माझी सोय होती.

पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा वहिनींनी आतून काठी आणली. "तुम्हालाच द्यायची म्हणून सांगून गेल्ते," त्या म्हणाल्या. "हात लई कापायचे हो शेवटी. पण ही धरली की थांबायचे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, त्या रविवारी मला ताप नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणता रविवार, असं काही विचारलं नाही. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. "निवून राह्यला."

काठी आता माझ्या खोलीत असते. त्याचा गाल टेकायचा तिथं लाकूड गुळगुळीत झालंय. चार आणे बंद झाले, म्हणून मी रुपया ठेवतो आणि संध्याकाळी कॅलेंडरवर नेम धरतो. काल बावीसपर्यंत गेलो. हेवा अजून वाटतोच, मेल्या माणसाचासुद्धा वाटतो. रुपया पडला की वाकून उचलतो आणि दर वेळी तोच प्रश्न पडतो. काठीच्या टोकावर नाणं जराही हललं तर ज्या हाताला कळायचं, त्याला माझं गार कपाळ कळलं नसेल? पिशवी भरलेली, बस गेलेली, आणि कपाळ गार. तरी तो हात हलला नाही.