पाटलाचा बैल आणि सुदामची अब्रू

“नुसत्या शिव्या देल्या असत्या तं मी आलोच नसतो, वकीलसाहेब. भर बजारात मले ढोरं मारणारा म्हणलं!”

सुदाम नेरजवळच्या खेड्यातला शेतमजूर. यवतमाळच्या माझ्या ऑफिसात तो खुर्चीवर बसेना, इतका संतापला होता. पाटलाचा बैल मेला. मेलेलं जनावर ओढून नेणं हे गावानं सुदामच्या घराण्यावर लादलेलं काम. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यानं ते सोडलं होतं. यावेळी निरोप आला तरी तो गेला नाही. मग पाटील नेरच्या आठवडी बाजारात ओरडला, “यानंच माह्या बैलाले विष घातलं!” तेव्हापासून सुदामला कोणी शेतात पाऊल टाकू देईना.

मी फिर्याद दाखल केली. कलम ४९९, ५००. एखाद्याचं नाव खराब होईल असं तिसऱ्याच्या कानावर घालणं, ही अब्रुनुकसानी. तिसऱ्या कोणी न ऐकलेलं दोघांतलं भांडण त्यात बसत नाही. आरोप खरा आणि लोकहिताचा असला तर बोलणारा सुटतो, पण खरेपणा त्यानंच शाबीत करायचा.

पाटलानं आपल्या सालदाराला, वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याला, साक्षीला आणलं. मी उलटतपासणीला उठलो.

“बैल ढोरांच्या डॉक्टरला दाखवला?”

“नाही जी.”

“पोलिसात गेलात?”

“नाही.”

“मग विष पाहिलं कोणी?”

“पाटीलच म्हणत होते जी.”

दुपारी पाटलाचे वकील माझ्याकडे आले. हा गुन्हा तडजोडीनं मिटतो, मात्र ज्याची अब्रू गेली त्याची संमती लागते. ते म्हणाले, “पाटील माफी मागतात. गावात दवंडी पिटवू. झालं?”

मला ते बरं वाटलं. सुदामला नाही.

“दवंडी पिटन कोण? मीच पिटत होतो. थेही काम सोडलं. जो बोलला, त्यानंच बजारात बोलावं.”

“अहो, पाटील कसे बोलतील चारचौघांत?”

“तं मंग केस चालू द्या जी.”

त्या क्षणी मला या माणसाचा फार अभिमान वाटला. मी फाईल पुन्हा उघडली. वकील पाटलाकडे गेले, आणि कोर्ट उठायच्या आत होकार घेऊन आले.

पुढच्या बाजारी पाटील कापडाच्या दुकानांपुढे उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला.

“आयकू नाही आलं जी,” सुदाम म्हणाला.

पाटलानं घसा खाकरला. “सुदामनं माह्या बैलाले काही केलं नाही. मी खोटं बोललो.”

तेव्हापासून अब्रुनुकसानीच्या प्रत्येक तडजोडीत मी एक अट घालत आलो: माफी त्याच जागी, त्याच लोकांपुढे, स्वतःच्या तोंडानं. निम्मे आरोपी तिथं उभं राहून आपलं बोलणं मागे घेण्यापेक्षा कोर्टात दंड भरायला तयार होतात.