ओसरीतली झोळी

मी देव मानतो, पण भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... दिवसभर लूमची खटखट ऐकणाऱ्याला भुताची चाहूल लागणार तरी कशी? त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, सचिन भागातल्या एका कापड कारखान्यात मी लूमवर तुटलेले धागे जोडायचो. राहायला भेस्तानला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी बहीण सुनंदा तान्ह्या पिंकीला घेऊन माहेरी – म्हणजे माझ्याकडे – आली होती. आम्हा खान्देशी लोकांना आखाजी म्हटली की झोका हवाच, आणि आमच्या चाळीत झाड औषधालाही नव्हतं! मग चाळीतल्या बायकांना घेऊन आम्ही जवळच्या एका जुन्या शेतघरी गेलो. लांबलचक ओसरी, सागवानी तुळया, अंगणात मोठी चिंच. सरकारने ते घर जपायला घेतलेलं. दारात 'संरक्षित स्मारक' अशी निळी पाटी.

चौकीदारकाका भला माणूस. म्हणाले, "झाड पर हींचको बांधो, पण घरने हाथ नै लगाडवानो, हं!"

झोका फक्त झाडालाच, घराला हात लावणार नाही, म्हणून आम्ही माना डोलावल्या. पण ऊन मी म्हणत होतं, आणि पोर पेंगुळलेली. काकांची पाठ वळताच मी ओसरीतल्या तुळईच्या कडीला लुगड्याची झोळी बांधली. पिंकी झोपली. बायका चिंचेखाली झोके घेत गाणी म्हणू लागल्या.

तेवढ्यात कडाड्... धडाम! ओसरीचं छप्परच खाली आलं. कौलं, वासे, धुरळा... सुनंदाची किंकाळी अजून कानात आहे. मी हातांनी कौलं उपसली. झोळी नाही. पोर नाही.

आणि आतून रडणं ऐकू आलं! आतली खोली कुलूपबंद, किल्ली काकांच्या कमरेला. त्यांनी कुलूप काढलं. मधोमध तीच झोळी टांगलेली, हळूहळू हलत होती – आणि आत पिंकी, अंगावर धुळीचा कण नाही. वरची गाठ माझी नव्हती. उभा जन्म गाठी मारण्यात गेला माझा, पण ती काही मला सुटेना. शेवटी लुगडं कापलं.

"आ रूम तो महिनाओथी बंद छे, भाई..." काका पुटपुटले. मी मात्र लहान पोरासारखा हमसून रडत होतो. छातीवरचा धोंडा उतरला होता, बाकी कशाचंच भान नव्हतं.

सुनंदा पोरीला कवटाळून आमच्या अहिराणीत शांतपणे म्हणाली, "भाऊ, भ्याव नको. आठे कोन्ही तरी शे. तिनीच मनी पोर वाचाडी."

पोर वाचवणारी ती तिथे कोण होती, बंद खोलीत झोळी गेली कशी... मला आजही सांगता येत नाही. पिंकी आता दोन मुलांची आई आहे. आखाजीला आम्ही पितरांची नावं घेऊन चुलीत घास टाकतो. सगळी नावं संपली की सुनंदा आणखी एक घास टाकते.

"हाऊ कोना नावना?" त्या जादा घासाकडे बोट दाखवत मी एकदा विचारलं.

"नाव कोले माहीत? जिनी मनी पोर उचली, तिना."