‘येतो’ नावाचं नेटवर्क

आमच्या घरातल्या वायफायचं नाव ‘येतो’ होतं, आणि ते कुणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. इंटरनेट जोडायला आलेला माणूस वरच्या खोलीत राउटरशी खटपट करत होता. त्यानं दादाला विचारलं, “नाव काय टाकू?” दादाची सणसवाडीच्या कंपनीची बस यायची वेळ झाली होती. तो डबा घेऊन जिन्यात पोचला होता, प्रश्न त्याच्या कानावरही गेला नाही. घरातून निघताना जे म्हणायचं ते तो म्हणाला, “येतो!” त्या भल्या माणसानं इंग्रजी अक्षरांत तेच टाकलं आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी हे कळल्यावर वहिनीची हसून हसून मुरकुंडी वळली. दादा म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. चांगलं हाय.”

त्याच हिवाळ्यात बसमधून उतरून नगर रोड ओलांडताना दादाला ट्रकनं उडवलं.

तेराव्यानंतर आईनं कॉम्प्युटर खाली आणवला. माझं कॉलेज चालू होतं आणि वहिनीच्या खोलीत माझी सारखी ये-जा नको, असं तिचं म्हणणं. राउटर मात्र जागचा हलवायचा नाही. वायर खालपर्यंत पुरेना, म्हणून मी शिरूरच्या दुकानातून वायफाय पकडणारा बोटाएवढा यूएसबी अडॅप्टर आणला. तो लावला आणि पडद्यावर आसपासच्या नेटवर्कची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तिनं विचारलं म्हणून मी ते मोठ्यानं वाचलं. वाचल्यावर मला कळलं की मी काय केलं, पण तोवर आई पदर तोंडाला लावून खाली बसली होती.

तेव्हापासून दिवेलागण झाली की ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहायची. नावापुढच्या हिरव्या काड्या म्हणजे सिग्नल, एवढं तिला मी समजावलं होतं, आणि तिला कळायचं ते ती कळून घ्यायची. तिच्या वडिलांचा मेंढरांचा वाडा होता. ते रोज सांजेला मेंढरं मोजायचे, तशी ती काड्या मोजायची. मध्ये स्लॅब, त्यात तो बोटभर अडॅप्टर, त्यामुळं दोनच काड्या दिसायच्या. वर कुणी चाललं, कपाटाचं दार उघडलं की एक गळायची, परत यायची. “आला बघ,” आई म्हणायची. जरा वेळानं, “बसला.” मी कॉम्प्युटर शिकत होते, मला सगळी कारणं ठाऊक होती. तरी वर वहिनीशिवाय कुणी नव्हतं, हे मला स्वतःला बजावून सांगावं लागायचं.

“दोनच काड्या म्हंजी लांब हाय त्यो,” आई म्हणाली. “मोठं यंत्र आण.”

वहिनीचं माहेर दौंडचं. ती तिकडं गेली होती; तिला आणायला आई आणि मी गेलो होतो, तेव्हा येताना स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं दोन-तीन खोकी समोर मांडली. मी एका अँटेनाचं साधं वायफाय कार्ड घेणार होते. आईनं तीन अँटेनांच्या कार्डावर हात ठेवला. आमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्याला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुकानदार सज्जन होता, म्हणाला, “मावशी, एवढं कशाला? राउटरच खाली आणून ठेवा, काही घ्यायलाच नको.”

“न्हाई. त्ये त्याच्या खोलीतच ऱ्हानार.”

“खोलीत कोण असतं?”

“मी,” वहिनी म्हणाली. ती इतकं हळू बोलली की दुकानदारानं परत विचारलं. आईनं तोवर खोकं पिशवीत घातलं होतं.

कार्ड बसवलं आणि काड्या भरून आल्या. आई कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एक वहिनी तेवढी वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. बायका म्हणायच्या, दुःखच तसं आहे, आणि आम्हीही तेच धरून चाललो.

मग एका सांजेला यादी कोरी आली. आई जिन्याखाली जाऊन ओरडली, “वर लाईट गेली का गं?”

वहिनी निम्मा जिना उतरून आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. “लाईट न्हाई गेली, आत्या. मी बंद केलं.”

“का?”

“रातभर लुकलुकतंय त्ये उशाशी. बंद करावं तर तुमची हाक येती. मी कूस बदलली तरी तुमास्नी खाली कळतंय. तुमास्नी वाटतं त्यो येतोय. मला वाटतं त्ये येऊन उभं हायेत. मला त्यांचं भ्या वाटतं, आत्या. माझ्याच मानसाचं भ्या वाटतं.”

आता आई हिच्यावर तुटून पडणार, असं वाटून मी उठले. पण आई म्हणाली, “आन् इतकं दिस ह्ये तू एकटीनं सोसलंस?”



आईनं आपली वाकळ आणि उशी काखेत मारली आणि गुडघ्यावर हात टेकत जिना चढून वर गेली. वहिनीला तिनं हाताला धरून पुढं घातलं होतं. मी खालीच बसून राहिले. थोड्या वेळानं वरून हंबरडा ऐकू आला. दादाला घरी आणलं तेव्हाही वहिनी अशी रडली नव्हती.