सकपाळांची गाठ

सकपाळ गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. मेथी निवडत बसलो होतो. फोन वाजला म्हणून पाहिलं, तर पाणी उशिरा येतं या तक्रारीखाली एका ओळीत लिहिलेलं : 'बी विंगचे सकपाळकाका आज सकाळी हार्ट अटॅकने गेले.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं. मग भानावर आलो आणि चपला न घालता जिना उतरलो... पंधरा वर्षं ज्या माणसाबरोबर रोज संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीकडे फिरायला गेलो, त्याच्यासाठी मी आधी मोबाइलवर हात जोडले आणि मग उठलो. माझा स्वभावच तो, आधी रीत सांभाळायची.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्येच झाला. सेक्रेटरी चांगलं बोलले. म्हणाले, "काकांच्या हाताला मोठा गुण होता, आपल्यापैकी कितीजणांच्या जखमा त्यांनी बांधल्या. पण शेवटची दोन वर्षं हातांनीच साथ सोडली होती बिचाऱ्यांची." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. वहिनी समोर फोटोखाली पांढऱ्या साडीत बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, कारण पुढचं भाषण माझं होतं. मी दहा मिनिटं बोललो. त्यांचा वक्तशीरपणा, त्यांचं हसणं, खाडीवरचं फिरणं... हातांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. सकपाळांच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं, एवढं सांगायला मी हे लिहितोय. त्यांच्याबद्दल बाकीचं चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझी गरज नाही.

सकपाळ मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, मलमपट्टी करणारा माणूस. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. रिटायर होऊन ऐरोलीला राहायला आले आणि आठवड्याभरात आमची ओळख झाली. माझ्या नडगीला खरचटलं होतं, कुठल्याशा क्लिनिकात पट्टी बांधून घेतली होती आणि ती जिन्यातच घरंगळत घोट्यापर्यंत आली होती. हे समोरून येत होते. ना नाव ना गाव, थेट म्हणाले, "कोणी बांधली ही? बसा इथं." पायरीवर बसवून पट्टी सोडली, परत बांधली. ती चार दिवस जागची हलली नाही. मग काय, बातमी पसरली. पोरांचे गुडघे, भाजलेले हात, शुगरवाल्यांचे पाय, सगळं त्यांच्या दारात. संध्याकाळी दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि प्रत्येकाला आधी रागवायचे, मग बांधायचे. वहिनी म्हणायच्या, "रिटायर झालेत कुठं, फक्त वॉर्ड बदललाय." त्यावर ते असे खुलायचे की बघत राहावं.

अडीच वर्षांपूर्वी त्यांना मीटररूममध्ये मांजराचं पिल्लू सापडलं. पांढरं शुभ्र, मुठीएवढं, आईचा पत्ता नाही. घरी नेलं आणि नाव ठेवलं कापशी. जन्मात जनावर न पाळलेला माणूस, पण ड्रॉपरने दूध पाजून वाढवली तिला. पाच-सहा महिन्यांची झाली तशी ती एके दिवशी जमिनीवर लोळून विचित्र आवाजात ओरडायला लागली. सकपाळ घाबरले. तिला टेबलावर ठेवून पोट चाचपलं, मला बोलावलं, म्हणाले, "नाईकसाहेब, हिच्या पोटात गोळा उठलाय." वहिनी स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या. "अहो, पोटात कसलं दुखतंय! वयात आलीय ती." सकपाळ असे लाजले की काय सांगू!

ऑपरेशन करायचं ठरलं तशी सोसायटीतली धार्मिक मंडळी जागी झाली. मुक्या जनावराला असं करणं पाप आहे म्हणे. सकपाळ शांतपणे म्हणाले, "बरं, नाही करत. दर चार महिन्यांनी पिल्लं कोणाच्या दारात आणून ठेवू ते तेवढं सांगा." मी त्यांच्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात गेलो. भूल दिलेली असतानाच डॉक्टरांनी कापशीला चिपही बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, जाड सुईने खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. वरून यंत्र फिरवलं की नंबर दिसतो. सकपाळांनी तो डायरीत उतरवला आणि एकेक आकडा पुन्हा ताडून पाहिला. म्हणाले, "आमच्याकडे बाळंतिणीच्या मनगटाला आणि बाळाच्या पायाला एकच नंबर बांधायचे. सुटला तर केवढी बोंब! हे बरंय, बांधायलाच नको." मग टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा तो प्लॅस्टिकचा कोन आला. त्याच्या भोकांतून गॉजची पट्टी ओवून मानेमागे गाठ मारायची असते. तिथल्या माणसाने मारलेली गाठ बघून सकपाळांना राहवेना. "मी बांधू?" म्हणाले. बांधली, पट्टी आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही इथे नोकरीलाच या." हे वाक्य त्यांनी घरी येईपर्यंत रिक्षात मला तीनदा ऐकवलं.

चौथ्या दिवशी गावाहून फोन आला, वहिनींचे भाऊ वारले. खेडजवळच्या गावी तीन दिवस जाणं भाग होतं. कापशी माझ्याकडे आली. मी एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मला काय अडचण असणार! सकपाळांनी मोठ्या अक्षरात कागद लिहून दिला. औषध कधी, जखम दिवसातून दोनदा बघायची, उडी मारू द्यायची नाही, शीच्या डब्यात मातीऐवजी पेपरचे तुकडे. शेवटी, 'कोन काढायचा नाही', आणि त्याखाली दोन रेघा. दारातून परत वळून म्हणाले, "रडेल ती. बघायचं नाही तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅच होती. कापशी घरभर हिंडत होती आणि तिचा कोन टेबलाच्या पायाला, कपाटाला, दाराला आपटत होता. ठक. ठक. ठक. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला तिची दया आली. खोटं आहे. दया-बिया काही नाही, शेवटच्या दहा ओव्हर उरल्या होत्या आणि त्या ठकठकीने माझं डोकं उठलं होतं. मी कोन काढला. मॅच संपेपर्यंतच, असं म्हणालो. ती माझा हात चाटून खुर्चीखाली झोपली आणि मलाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा टीव्हीवर बक्षीस समारंभ चालू होता आणि कापशी मन लावून पोट चाटत होती. दोन टाके गेले होते. खालच्या पेपरवर रक्त.

तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी परत टाके घातले. विचारलं, "कोन कसा निघाला?" मी म्हणालो, "सुटला." माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेली. तिथे मी एकच विद्या पक्की शिकलो : क्रियापद असं निवडायचं की कर्ता लागूच नये. फाइल गहाळ झाली. विलंब झाला. कोन सुटला. यात कोणी माणूस सापडतोय का बघा!

मग गावी फोन लावला. म्हटलं, "सकपाळ, घाबरू नका, कापशी बरी आहे. गाठ सुटली वाटतं, टाके चाटले तिने." मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"माझी गाठ?"

"हो."

"माझी गाठ सुटली?"

"अहो, होतं असं."

"नाही नाईकसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "होत नाही असं."

पुढे काही विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात आलं. आज त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तो माणूस मीच.

परत आले ते खांद्यावरची बॅगही न उतरवता माझ्या दारात. जखम पाहिली, कापशीला छातीशी धरलं आणि माझ्यापुढे हात जोडले. "माफ करा, माझ्यामुळे तुमची धावपळ झाली." मी म्हणालो, "अहो, काय हे सकपाळ, माणूस आहे, चुकायचंच." मी त्यांना माफ केलं! मोठ्या मनाने, खांद्यावर हात ठेवून. हे लिहितानाही कान तापलेत माझे.

कापशी दोन आठवड्यांत बरी झाली. त्यांनी केलीच तशी तिची सेवा. जमिनीवर गादी टाकून तिच्याशेजारी झोपले, कोनात तोंड घालून खाता येईना म्हणून चमच्याने भरवलं. कोन मात्र वहिनींकडून बांधून घेतला. आपण नुसते उभे राहून सांगत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शुगरचा पाय घेऊन आल्या, तर म्हणाले, "नर्सला बोलवा, आता माझ्या हाताचा भरवसा नाही." स्टूल आत गेलं. एकदा डॉक्टरकडे जाऊन हात तपासून आले. फिरताना मला म्हणाले, "काही नाही म्हणतात. सगळं नॉर्मल. मग गाठ का सुटली?" माझ्याकडे बघत होते, खरोखर उत्तर हवं होतं त्यांना. मी म्हणालो, "वय. दुसरं काय?"

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विळीवर कैरी चिरताना माझा अंगठा चांगलाच कापला. फडकं गुंडाळून त्यांच्याकडे धावलो. त्यांनी डबा काढून दिला, कापूस कुठे, पट्टी कुठे सांगितलं आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी एका हाताने धडपडत होतो आणि ते म्हणत होते, "इतकी घट्ट नको... हां, आता बाजूला घ्या..." त्यांचे खांदे पुढे यायचे आणि परत मागे जायचे. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण आज सांगायचं तर इतके महिने गप्प का बसलात, हेही सांगावं लागलं असतं. पट्टी ढिली बांधून, थँक्यू म्हणून मी घरी आलो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, कापशी मांडीवर. मी बसलोच नाही, म्हटलं बसलो तर राहून जाईल.

"वहिनी, त्या वेळी गाठ सुटली नव्हती. मी सोडली."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही सोडली?"

"हो. आवाज होत होता म्हणून."

"कशी सोडली?"

"कशी म्हणजे... सोडली."

"भाऊजी, त्यांची गाठ तुम्हाला सुटली? चाळीस वर्षं संसार केला, मला एकदा नाही सुटली. कुठलं टोक खेचायचं ते त्यांनाच ठाऊक. पोरांच्या गुडघ्याची पट्टी सोडायला हे ड्युटीवरून यायची वाट बघायचो आम्ही."

वर मी 'कोन काढला' असं लिहून पुढे गेलोय, बघा. वहिनींनी पुढे जाऊ दिलं नाही. सांगावंच लागलं. नखांनी बराच वेळ खटपट केली, गाठ तसूभर हलेना. तिकडे विकेट पडली. मग ड्रॉवरमधली कात्री घेतली. आणि दवाखान्यात निघायच्या आधी, रक्त वाहत असताना, ती गॉजची पट्टी कचऱ्याच्या डब्यात कांद्याच्या सालींखाली दाबली. म्हणजे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच माझं उत्तर तयार होतं.

"गाठ होती तशीच?"

"होती तशीच."

वहिनी कापशीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी लेंग्याची नाडीसुद्धा माझ्याकडून बांधून घ्यायचे. रोज सकाळी. लहान पोरासारखे पुढ्यात उभे राहायचे आणि विचारायचे, 'नीट बसली ना गं?'"

मला रडू फुटलं. त्यांनी थांब म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. बरोबरच केलं.

"हे त्यांना सांगायचं होतंत, भाऊजी. मला सांगून काय उपयोग? आता त्यांना सांगा, ज्यांच्यासमोर त्या दिवशी मान हलवलीत."

"सगळ्यांनाच सांगतो. लिहितो मी."

"लिहा." मी दारापर्यंत पोचलो होतो, तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "आणि 'सुटली' लिहू नका. 'सोडली'पण नका लिहू."

गाठ मी कापली.